आता थोडा वेळ मी बोलणार नाही

दुखणं घेऊन मिरजेला जायची आमच्या भागाची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरचीच काय, पलीकडच्या कर्नाटकातली माणसंही मिरज स्टेशनवर उतरत आली. तंबोरे-सतारी करणाऱ्यांची जशी तिथं वस्ती आहे, तशीच दवाखान्यांचीही. आमच्या तासगावात कुणाचं काही अवघड निघालं की घरातलं वडीलधारं माणूस एवढंच म्हणतं, "मिरजंला न्या."

त्या मिरजेतल्या एका सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंचं माझ्यावर ऋण आहे. त्यांनी माझ्यावर शस्त्रक्रिया केली नाही, औषध दिलं नाही, बाळंतपणही केलं नाही. त्या माझ्याशी बोलल्या. पोटावर यंत्र फिरत असताना काय दिसतंय, काय दिसत नाही, कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हे त्यांनी मला कळेल अशा भाषेत, त्याच वेळी सांगितलं. ज्यांना हे फार मोठं वाटत नाही, त्यांच्यावर ती वेळ आलेली नसावी.

२०११ चा ऑक्टोबर होता. तासगावात ऑक्टोबर म्हणजे द्राक्षबागांची छाटणी. आमच्या घरात दोन काळज्या एकदम चालू होत्या, बागेची आणि माझ्या पाचव्या महिन्याची. माझ्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. छाटणीच्या आधी ते बागेतल्या काड्या तपासायला पाठवत. प्रयोगशाळेत डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड तयार झालाय का, आणि मग काडी कितव्या डोळ्यावर छाटायची ते ठरतं. मी मोठ्या सोनोग्राफीला निघाले तेव्हा मामा म्हणाले, "आमचा डोळा कापूनच बघावा लागतो, मग तो गेलाच. तुमच्यात न कापता बघत्यात. लई मोठं काम हाय ते." पहिलटकरणीला धीर द्यायला ते बोलले होते आणि मला तो मिळालाही होता.

पण सोनोग्राफीला जाणाऱ्या बाईच्या मनात नुसती हौस नसते. बाळ बघायचं असतं, आणि काही निघू नये म्हणून जीव टांगलेला असतो. लघवी तुंबेपर्यंत पाणी पिऊन, फाईल छातीशी धरून, ती बाकावर बसलेली असते. शेजारचीला कितवा महिना, हे विचारते. आत गेलेली बाई नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आली की सगळ्या जणी तिच्या चेहऱ्याकडं बघतात. चोरओटी भरलेली असते, नातेवाइकांना कळवून झालेलं असतं, पोट दिसायला लागलेलं असतं. आता काही निघालं तर ते कुणाकुणाला सांगायचं, हाही हिशेब मनात चालू असतो.

पहिल्यांदा मी गेले ते केंद्र मिरजेतलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते, काम नीटनेटकं होतं. स्क्रीन माझ्याकडं नव्हता. मला दिसत होता फक्त त्यांचा चेहरा आणि मी त्यांच्या भुवया वाचत पडले होते. पोटावरचा हात एकाच जागी परत परत यायला लागला. बटणाचा आवाज यायचा, चित्र थांबवल्याचा, मग मोजल्याचा, मग पुन्हा तोच. मी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये येईल." त्यानंतर ते काही बोलले नाहीत. नर्सनं पोट पुसायला कागद दिला आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

रिपोर्टमध्ये आलं ते असं: बायलॅटरल कोरॉइड प्लेक्सस सिस्ट, पुढील सविस्तर तपासणी करावी. म्हणजे मेंदूत, दोन्ही बाजूंना, गाठी. आमचे स्त्रीरोगतज्ज्ञ परगावी गेलेले होते. संध्याकाळी यांनी मोबाइलवर ते शब्द टाकून वाचायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं फोन उपडा ठेवला. तेवढ्यावरून मला कळलं. रात्री मी स्वतः वाचलं. एडवर्ड्स सिंड्रोम. अठराव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन. यातली बहुतेक बाळं पोटातच जातात, जन्मली तरी वर्षाच्या आत जातात.

त्यात एकोणिसावा आठवडा लागलेला. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात तेव्हा वीस आठवड्यांची मर्यादा होती. पोटातलं पाणी काढून गुणसूत्रं तपासायची तर पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे जाणार, म्हणजे उत्तर हातात येईपर्यंत कायद्याचं दार बंद. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात मोठा दोष असल्याचं निदान झालं, तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते आणि उच्च न्यायालयानं परवानगी नाकारली होती. वर्तमानपत्रांत ते सगळं येत होतं तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, पण वाचलेलं आठवत होतं. आता २०२१ च्या दुरुस्तीनं काही स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली आहे, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं त्यापुढंही परवानगी मिळते. तेव्हा यातलं काही नव्हतं. कॅलेंडरवरचा एकेक दिवस अंगावर येत होता.

यांच्या मित्राच्या बहिणीनं मिरजेच्या बाईंचं नाव सुचवलं. "त्या वेळ लावतात, पण सांगतात," असं ती म्हणाली होती.

दवाखाना जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर होता. आत शिरल्याबरोबर तोच फलक, जो राज्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असतो: इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. टेबलावर कायद्याची प्रत ठेवलेली. कागदपत्रं बघणाऱ्या मावशींनी फॉर्म एफ भरून घेतला. हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती, तपासणीला कुणी पाठवलं. मग खाली माझी सही, की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. सही करताना मला वाटलं, मला फक्त ते जगणार का एवढं जाणून घ्यायचंय, आणि त्यासाठीचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

बाई साठीच्या आसपासच्या. सुती साडी, वर पांढरा कोट, जाड भिंगांचा चष्मा. रिपोर्ट वाचून त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाल्या, "रात्री झोपली नाहीस ना? बस. आधी बोलू, मग बघू." यांनाही आत बोलावलं. एका कागदाच्या पाठीवर त्यांनी मेंदूचे दोन अर्धे काढले, आत दोन लांबट आकार.

"हा विचार करणारा मेंदू नव्हे. मेंदूभोवती जे पाणी असतं ना, ते तयार करणारा हा भाग. याच्या घड्यांत कधीकधी थोडं पाणी अडकतं. त्याला सिस्ट म्हणतात. शंभरातल्या एकदोन बाळांत या महिन्यात दिसतं, आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं जिरून जातं. त्यानं बुद्धीला काही होत नाही."

"मग लिहिलंय का?" यांनी विचारलं.

"लिहायलाच हवं. एडवर्ड्सच्या बाळांत हे जास्त सापडतं म्हणून. पण त्या बाळांत हे एवढं एकच सहसा नसतं. हृदयात दोष असतो, मुठी आवळलेल्या असतात, बोटं एकावर एक चढलेली असतात, पावलं, नाळ, वाढ, कुठं ना कुठं दिसतं. आपण ते सगळं शोधू. आणि काही सापडलं नाही तर मी काय सांगणार तेही आत्ताच ऐका. शंभर टक्के असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीत सगळं दिसत नाही. पण काळजी खूप कमी झाली, असं म्हणेन."

काही न सापडण्याच्या आधीच त्याची मर्यादा सांगणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता. मला त्या वाक्यानं भीती वाटायला हवी होती. उलट वाटलं, ही बाई पुढं जे सांगेल ते खरं असेल.

टेबलावर झोपल्यावर त्यांनी स्क्रीन थोडा माझ्याकडं वळवला. मेंदू दाखवला, त्यातले ते दोन काळे ठिपके दाखवले. ज्यांनी माझी झोप घेतली होती ते काही मिलिमीटरचे होते. मग मणका, वरपासून खालपर्यंत. जठर, मूत्रपिंडं, मूत्राशय. प्रत्येक ठिकाणी नाव, आणि "नीट आहे." मग त्या म्हणाल्या, "आता हृदय बघणार. थोडा वेळ मी बोलणार नाही. बोलत नाही म्हणजे वाईट दिसलं असं समजू नकोस. मला लक्ष लावून बघावं लागतं. झालं की सांगते."

त्यानंतर खोलीत शांतता झाली, पण ती आदल्या खोलीतली शांतता नव्हती. मला तिची हद्द माहीत होती. एकोणिसाव्या आठवड्यातलं हृदय जेमतेम दोन सेंटिमीटर, तेही मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके घेणारं, आणि त्यातल्या झडपा नि पडदे बघायचे. त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मी छताकडं बघत होते. मग त्या म्हणाल्या, "चारी कप्पे आहेत. दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात, तशाच हव्यात. पडद्यात मला भोक दिसत नाही."

थोड्या वेळानं पुन्हा: "आता स्क्रीन माझ्याकडं घेते. हा भाग मी बघणार आणि तुला सांगणार नाही. तू विचारायचं नाहीस. बाकी मात्र काहीही विचार." स्क्रीन फिरला, आणि जरा वेळानं परत आला.

राहिले हात. एक हात उघडा मिळाला. दुसरा हनुवटीखाली, मूठ मिटलेली. बाईंनी पोटाला हलकेच धक्के दिले, मला कुशीवर वळायला लावलं, मूठ तशीच. "उठ. लघवीला जाऊन ये, जरा फिर, काहीतरी गोड खा," म्हणाल्या. मावशींनी त्यांच्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू दिला. बाहेर बायका ताटकळल्या होत्या, कुणाचातरी नवरा घड्याळ बघत पुटपुटत होता, आणि मी त्या अरुंद व्हरांड्यात येरझाऱ्या घालत लाडू खात होते. परत झोपले. मूठ मिटलेलीच. बाईंनी यंत्र एका जागी धरून ठेवलं आणि वाट बघत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मला त्या दिवशी ती उघडायला हवी होती.

उघडली. अंगठा आधी सुटला, मग बोटं. बाईंनी चित्र थांबवलं आणि पेनाच्या टोकानं काचेवर मोजलं, "अंगठा, एक, दोन, तीन, चार. तळवा सरळ. बघ नीट, तुझ्या बाळाचा हात." हे माझ्या डोक्याशी उभे होते. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

नंतर खुर्चीत बसवून त्यांनी पुढचं सांगितलं. पाणी काढून तपासणी हवी असेल तर करता येईल, त्यात दोनशेत एखादा गर्भ जाण्याचा धोका धरतात. तुझ्या रक्ताच्या ट्रिपल टेस्टचे आकडे बरोबर आहेत, एडवर्ड्समध्ये ते तिन्ही खाली येतात. वय कमी आहे. मला दुसरं काही सापडलं नाही. "माझी मुलगी असती तर मी करू नको म्हणाले असते. पण ठरवायचं तुम्ही दोघांनी, आणि काहीही ठरवलंत तरी मी आहे." आम्ही नाही केली. सातव्या महिन्यात त्यांनीच पुन्हा बघितलं. ठिपके गेले होते.

मार्चमध्ये मुलगी झाली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गावात जिलेबी वाटली आणि आम्ही एक खोकं घेऊन मिरजेला गेलो. बाईंनी एक वेढा तोडून खाल्ला आणि बाकी बाकावरच्या बायकांत फिरवायला दिलं. म्हणाल्या, "पेढ्यांची खोकी येतात माझ्याकडं. जिलेबीची कमी. मुलगी झाली की लोक कळवायला येत नाहीत."

हे सांगलीत बोललं जात होतं, याला अर्थ आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. ऊस, द्राक्षं, दूध, साखर कारखाने असलेला हा सुखवस्तू पट्टा, आणि इथंच मुली कमी. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता, २०११ मध्ये तो ८९४ वर आला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला, २००३ मध्ये कडक झाला. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफीच्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवायला लावलं, यंत्रात काय बघितलं जातंय याची नोंद राहावी म्हणून. माझ्या गरोदरपणाच्या त्या वर्षात जिल्ह्याजिल्ह्यांत तपासण्या चालू होत्या, यंत्रांना सील लागत होतं. फॉर्म एफमधली चूकही गुन्ह्यात मोजली जाते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.

हा कायदा हवा. मी एका मुलीची आई म्हणून हे म्हणत नाही, या पट्ट्यातली एक बाई म्हणून म्हणते. ज्या घरांत पहिल्या दोन मुलींनंतर तिसऱ्या वेळी बाई 'पडली' आणि मग मुलगा झाला, ती घरं मला माहीत आहेत. पण कायद्यानं डॉक्टरांना एका गोष्टीबद्दल गप्प राहायला सांगितलं आणि कित्येक खोल्यांत सगळ्याच गोष्टींबद्दल बोलणं थांबलं, हेही मी त्या टेबलावर पडून अनुभवलं आहे. न बोलणं सोयीचं असतं. शब्दांनी नाही, खुणेनं नाही, कुठल्याच प्रकारे लिंग सांगायचं नाही, असा नियम असताना घाबरलेला डॉक्टर म्हणतो, मग काहीच नको बोलायला. त्या पहिल्या तरुण डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, आणि ते लिहिलं नसतं तर मी मिरजेला गेलेच नसते. पण टेबलावरच्या बाईला ही कारणं माहीत नसतात. तिला डॉक्टरांचं मौन दिसतं आणि तिच्या डोक्यात त्याचा एकच अर्थ निघतो.

मिरजेच्या बाईंनी कायद्याचं मौन आणि बाकीचं मौन वेगळं केलं होतं. एकाच गोष्टीपुरता स्क्रीन फिरवायचा, फिरवतेय हे सांगून फिरवायचा, आणि परत आणायचा. एवढं साधं. मी नंतर अनेक जणींना विचारलं, त्यांच्या डॉक्टरांनी असं केलं होतं का. फार थोड्या हो म्हणाल्या.

जिलेबीच्या त्या दिवशी गर्दी कमी होती, म्हणून त्या बोलत बसल्या. भिंतीवर एका गोऱ्या माणसाचा जुना फोटो होता, तो कुणाचा म्हणून यांनी विचारलं. ग्लासगोचे इयन डोनाल्ड. जहाजांच्या नि बॉयलरच्या लोखंडात तडा आहे का हे ध्वनिलहरींनी शोधायचं यंत्र असतं. १९५५ साली हे डॉक्टर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्रावर धरून बघितल्या. पाण्याची गाठ वेगळी दिसते, भरीव गाठ वेगळी, हे तिथं कळलं. मग टॉम ब्राउन नावाच्या तरुण अभियंत्यानं यंत्र घडवलं, आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. पोटातल्या बाळाची चित्रं तिथून पुढं जगात आली. "गर्भपाताच्या विरोधात होते हे," बाई म्हणाल्या, "सगळं आयुष्य. आणि त्यांच्या यंत्रानं आपल्याकडं काय केलं बघा. मी रोज फोटोकडं बघते आणि कामाला बसते." मला त्यांच्या आवाजात खंत ऐकू आली. एकाच यंत्रानं माझ्या लेकीची मूठ दाखवली होती आणि याच तालुक्यांत कितीतरी लेकी हेरल्याही होत्या.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणारे म्हणतात, तुमचं सगळं चांगलं निघालं म्हणून तुम्हाला बाई चांगल्या वाटल्या. म्हणून मला माझ्या धाकट्या जावेचं सांगायला हवं. तिची परवानगी घेऊनच सांगते.

२०२० च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. जावेला तेरावा आठवडा. मिरजेलाच गेलो, आत्या हट्टानं बरोबर आल्या होत्या. बाईंनी यंत्र ठेवलं आणि फार लवकर उचललं. पुन्हा ठेवलं, नीट बघितलं. मग जे केलं ते मी अजून विसरले नाही. त्यांनी स्वतः जावेचं पोट पुसलं, तिला उठून बसवलं, पदर नीट करू दिला, दिराला आत बोलावून तिच्या शेजारी बसवलं. आडव्या पडलेल्या बाईला असलं काही सांगायचं नाही, हा त्यांचा नियम, नंतर मावशींनी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "वाईट बातमी आहे. बाळाच्या डोक्याची कवटी तयार झालेली नाही. हे बाळ जगू शकणार नाही. कुठल्याही उपचारानं नाही. आणि हे तुझ्या कुठल्याही करण्यानं झालेलं नाही."

पुढं कुणी काही बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत. जाऊ रडली, तिला रडू दिलं.

आत्यांना मात्र कारण सापडलं होतं. २६ डिसेंबरला सूर्यग्रहण होतं, सकाळच्या वेळेत, आणि जावेनं दिराच्या डब्यासाठी वांगी चिरली होती. आत्यांनी तेव्हाच अडवलं होतं. आता त्या दारातूनच म्हणाल्या, "म्या सांगत हुते, गिरानात काय चिरू नगं." जावेचा चेहरा बघवत नव्हता. घरी गेल्यावर हे वाक्य तिला जन्मभर ऐकावं लागणार, हे मला तिथंच दिसलं.

बाईंनी आत्यांना खुर्ची दिली. "अक्का, बसा. ग्रहण कधी होतं म्हणता? सव्वीस डिसेंबर." कागद ओढला. जावेच्या पाळीची तारीख लिहिली, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. त्याच्याखाली गर्भ राहिल्याची अंदाजे तारीख. "बाळाचं डोकं आणि मणका एका नळीतनं तयार होतो. ती नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात मिटते." डिसेंबरच्या मध्याला त्यांनी रेघ मारली. "इथं मिटायला हवी होती, मिटली नाही. ग्रहण कुठं आलं? हे इथं, नंतर. जे आधीच झालं ते नंतरच्या ग्रहणानं कसं होईल? आणि अक्का, आधी असतं तरी झालं नसतं. मी इतकी वर्षं बघते, ग्रहणानं बाळाचं काही बिघडलेलं मी बघितलं नाही. याला ग्रहण नाही, बाईही नाही."

आत्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण पाळीच्या तारखा आणि गाभण म्हशीचे दिवस मोजण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला, बोटावर दिवस मोजले, आणि मागून घेतला. गावात शेजारणी भेटायला आल्या, त्यांतल्या एकीनं ग्रहणाचं काढल्याबरोबर आत्याच म्हणाल्या, "गिरानाचा कायबी संबंध न्हाई. डाक्टरीणबाईंनी तारखा मांडून दावल्यात." आणि कागद काढून दाखवला.

मला वाटतं, माझ्यापेक्षा जावेवर बाईंचं ऋण मोठं आहे. माझी भीती दोन महिन्यांनी आपोआप गेलीच असती. तिच्यावरचा ठपका जन्मभर राहिला असता, आणि तो दहा मिनिटांच्या बोलण्यानं गेला. कुठल्याही रिपोर्टमध्ये ही दहा मिनिटं लिहिलेली नसतात, आणि त्यांचं बिल कुणी लावत नाही.

त्याच दिवशी बाईंनी चिठ्ठी दिली होती: पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासूनच फॉलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी. जावेनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवली. मग करोना आला. त्यात बाईंनी दवाखाना बंद केला आणि त्या मुलाकडं परदेशी गेल्या. मुलीच्या दहाव्या वाढदिवशी मी त्यांना तिच्या हाताचा फोटो पाठवला, तळवा उघडलेला. त्यांचं उत्तर आलं, "पाचही बोटं आहेत. छान."

२०२२ मध्ये जावेला पुन्हा दिवस राहिले. गोळी वेळेत सुरू झाली होती. या वेळी दुसऱ्या केंद्रात जावं लागलं. डॉक्टर नवे, तरुण, चेहऱ्यावर मास्क. मी तिच्या डोक्याशी उभी होते. त्यांनी यंत्र ठेवलं, बघायला लागले, आणि बोलेनात. जावेनं माझा हात घट्ट धरला. मग ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "डॉक्टर, गप्प बसणार असाल तर आधी तसं सांगा. मागच्या वेळी आमचं बाळ गेलंय. काय बघताय ते मला कळू दे."

त्यांनी हात थांबवला. तिच्याकडं बघितलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि स्क्रीन आमच्याकडं वळवला. "डोकं बघतोय. ही कवटीची रेघ. इथून सुरू झाली, इथपर्यंत पूर्ण आहे."

"आणि मणका?" जावेनं विचारलं.